कुपीतला हिरवा

माशांच्या टाकीच्या उजव्या कोपऱ्यात, पाण्याच्या आत, रबरी वाटीनं काचेला चिकटवलेली एक उपडी कुपी होती. लिंबाएवढी. तिच्यात रंग बदलणाऱ्या दर्शकाचे थेंब घातलेलं पाणी असे. टाकीतलं पाणी त्याला शिवत नसे. मध्ये हवेचा एक बुडबुडा अडकलेला, त्यातून जेवढा वायू वर जाईल तेवढाच. टाकीत कार्बन डायऑक्साइड कमी असला की कुपी निळी राही, बेताचा झाला की हिरवी होई आणि जास्त झाला की पिवळी. निळी म्हणजे झाडं उपाशी. पिवळी म्हणजे मासे गुदमरायला लागणार.

हे सगळं ताईनं फोनवर सांगितलं, कारण टाकी, सिलिंडर आणि बाकीचं सामान तिनंच पाठवलं होतं. बाबांनी ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला.

“हिरवा म्हणजे कुठला?”

“अहो बाबा, हिरवा म्हणजे हिरवा.”

“हिरवा असा रंग नसतो,” बाबा म्हणाले आणि त्यांनी फोन धाकटीकडे दिला.

धाकटी हसली. या घरात हिरवा असा रंग खरंच नव्हता. पोपटी होता, शेवाळी होता, मोरपंखी, पिस्ता, गवती, बाटलीचा हिरवा. बाबा कापड रंगवण्याच्या कारखान्यात छटा जुळवण्याचं काम करत. गिऱ्हाईक बोटभर चिंधी पाठवी आणि म्हणे, असं गठ्ठाभर कापड हवं. बाबा चिंधी एकदा खिडकीच्या उजेडात धरत, एकदा सावलीत धरत आणि कुठला रंग किती घालायचा ते सांगत. कारखान्यात त्यांना रंगमास्तर म्हणत. शेजारपाजारच्या बायका दोऱ्याचं रीळ जुळवायला त्यांच्याकडे येत. आईनं तर लग्नानंतर रंगांची नावं स्वतःच्या मनानं घेणंच सोडलं होतं. नवं कापड आणलं की ती आधी विचारी, “अहो, याला काय म्हणू?”

सध्या मात्र रंगमास्तर घरी होते. त्यांच्या पाठीच्या मणक्याला क्षय झाला होता. खोकला नाही, छातीत काही नाही, मग हा क्षय कसला, असं आईचं म्हणणं, आणि ते तिच्या मनातून बरेच दिवस गेलं नाही. गोळ्यांचा लांबलचक क्रम होता. छातीपासून कमरेपर्यंत कडक पट्टा होता. वाकायचं नाही, उचलायचं नाही, फार वेळ उभं राहायचं नाही. कारखान्याच्या मालकांनी निरोप पाठवला होता की पट्टा निघाला की या, खुर्ची तुमचीच आहे. बाबा त्या एका वाक्यावर दिवस काढत होते. डॉक्टरांकडे गेलं की दुखण्याचं काय ते आई सांगे. बाबा फक्त विचारत, पट्टा कधी निघणार.

टाकी त्यांच्या पलंगासमोर ठेवली. झाडं धाकटीनं लावली आणि बाबांनी पलंगावरून लावून घेतली. हे मागे ने, ते जरा पुढे आण. सगळ्या हिरव्यांत एकच लाल पानांचं झाड होतं. ते अगदी मध्ये नको, डावीकडे सरकव, असं त्यांनी सांगितलं आणि सरकवल्यावर धाकटीला कळलं की ते का. मासे बोटाच्या पेराएवढे, अंगावर निळी रेघ आणि शेपटीकडे लाल. सिलिंडर खालच्या कपाटात. त्याच्या डोक्यावर दाब दाखवणारी तबकडी आणि एक बारीक चावी, जी केसभर फिरवली तरी फरक पडे. वायू नळीतून येई आणि टाकीच्या तळाशी असलेल्या चिनी मातीच्या चकतीतून धुक्यासारखा वर जाई. दिवा लागला की वायू सुरू, दिवा मालवला की बंद; अंधारात झाडांना तो लागत नाही.

आईनं सगळी मांडणी कमरेवर हात ठेवून पाहिली.

“म्हणजे पाण्याचा सोडा करायचा.”

“तसंच काहीसं,” धाकटी म्हणाली.

“आणि त्यात मासे ठेवायचे.”

“अगदी थोडा सोडा, आई.”

“थोडा म्हणे. झाडांना गॅस, माशांना गॅस. आणि मी गॅसवर दूध ठेवून जरा बाहेर गेले तर या घरात कुणाला दिसत नाही.”

पण दुपारी पानांवर ऑक्सिजनचे बारीक मणी धरायला लागले तेव्हा तीही खुर्ची ओढून बसली. बाबांनी कुपीचं नाव तेव्हाच ठरवून टाकलं. आपल्याला ती गवती हवी, ते म्हणाले. पोपटीकडे झुकली की चावी मागे घ्यायची. धाकटीनं ते पाठ केलं. ती पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत नोकरीला होती. हेच दर्शक तिच्या टेबलावर रोज असे. तरी गवती आणि पोपटी यांच्यामधली रेघ ठरवायचं काम बाबांचं होतं, याबद्दल तिच्या मनात काही नव्हतं.

डॉक्टरांकडे दर महिन्याला जायचं असे. एका खेपेला त्यांनी पाठ तपासली, वजन केलं, आणि मग कागदावरून नजर न काढता विचारलं की दिसायला काही त्रास आहे का. धूसर वगैरे? रंग नीट ओळखू येतात?

आईला हसू आवरेना. “डॉक्टर, यांना विचारताय? आमची सगळी गल्ली यांच्याकडे रंग विचारायला येते.” मग तिनं त्यांचा कारखाना, चिंध्या, रंगमास्तर हे नाव, सगळं सांगितलं. डॉक्टरही हसले. म्हणाले, मग मीच तुमच्याकडून तपासून घेतो, भिंतीचा हा रंग मला पिवळा म्हणून दिलाय. बाबांनी भिंतीकडे पाहिलं आणि म्हणाले, पिवळा नाही, साय. सगळे हसले. धाकटीही हसली. बाबांनी पट्ट्याचं विचारलं आणि ते घरी आले.

त्यानंतर काही आठवड्यांनी बाबा म्हणायला लागले की झाडं मातकट दिसताहेत.

धाकटी संध्याकाळी कामावरून आली की आधी टाकीपाशी जाई. तिला पानं टवटवीत दिसत होती. तिनं तसं सांगितलं.

“वाढताहेत, हो,” बाबा म्हणाले. “पण रंगातला जीव गेलाय.”

पुढे एकदा ते म्हणाले, लाल झाड हिरवट पडायला लागलंय. माशांचा लालही उतरलाय. हे धाकटीला अजिबात दिसलं नाही. पण ताईला फोनवर सांगितल्यावर ती म्हणाली की लाल पानांचा लाल उतरणं हे वायू कमी पडल्याचंच लक्षण असतं, तिनं तसं वाचलं होतं. सगळं बरोबर जुळत होतं. बाबांनी पलंगाच्या कडेला बसून, पाठ ताठ ठेवून, काठीनं कपाटाचं दार उघडलं आणि धाकटीला चावी केसभर वाढवायला सांगितली. तिनं वाढवली.

दुसऱ्या आठवड्यात पुन्हा केसभर.

कुपी तिला पोपटी वाटायला लागली होती.

“बाबा, ही पोपटी नाही का?”

बाबांनी निरखून पाहिलं. घाई त्यांनी रंगाच्या बाबतीत कधीच केली नव्हती. “गवती आहे,” ते म्हणाले. “उलट जरा मळकट गवती. अजून चढायला हवी.”

लहानपणापासून धाकटीला किंवा ताईला या घरात रंगावरून वाद जिंकल्याचं आठवत नव्हतं. दोघी भांडत, हट्ट करत, आणि दुसऱ्या दिवशी खिडकीच्या उजेडात पाहिलं की बाबांचंच खरं निघे. त्यामुळे दोघांच्या डोळ्यांना दोन रंग दिसले तर कुठले डोळे चुकले, हा प्रश्न इथे कधी पडलाच नाही. ती चष्मा पुसून आली. पुन्हा पाहिलं. मग दिव्याला दोष दिला, मग स्वतःच्या दिवसभराच्या कामाला.

प्रयोगशाळेत गेल्यावर तिनं एक चाचणी केली. ठरलेल्या आम्लतेची द्रावणं ओळीनं मांडली, प्रत्येकात दर्शकाचा थेंब टाकला आणि चिठ्ठ्या न बघता रंग सांगत गेली. सगळे बरोबर आले. तरी शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीला तिनं बोलावून विचारलं, हा कुठला?

“पिवळा,” मैत्रीण म्हणाली. “का गं? बरी आहेस ना?”

ती बरी होती. तिचे डोळे ठीक होते. एवढं समजल्यावर तिनं द्रावणं सिंकमध्ये ओतली आणि कामाला लागली. चाचणी अर्धीच झाली आहे, हे तिच्या लक्षात आलं नाही.

मासे आईला आधी दिसले. “अहो, हे सगळे वर येऊन तोंडं का उघडताहेत?” तिनं विचारलं. बाबा म्हणाले, भूक लागली असेल. आईनं चिमूटभर खाऊ टाकला. माशांनी तो घेतला नाही. तिनं अजून चिमूटभर टाकला, कारण पाहुणा नको म्हणाला तरी आग्रह करायचा हा तिचा स्वभाव. खाऊ पाण्यावर तरंगत राहिला आणि त्याच्यामधून मासे तोंडं काढत राहिले.

धाकटी आली तेव्हा त्यांचे कल्ले भराभर हलत होते. दोन-तीन वाळूवर आडवे होते. कुपी लिंबासारखी पिवळी होती. आता चष्मा पुसण्याचा प्रश्न नव्हता. तिनं खाली बसून चावी बंद केली, स्वयंपाकघरातून पाण्याचा मग आणला आणि टाकीतलंच पाणी उंचावरून टाकीत ओतायला लागली. पाणी खळबळलं की वायू उडून जातो. तिची बाही कोपरापर्यंत भिजली.

“बंद का केलंस?” बाबांनी विचारलं.

“कुपी पिवळी आहे, बाबा.”

“गवती आहे.”

ते रागानं बोलले नव्हते. कारखान्यात नवीन आलेल्या माणसाला सांगावं तसं, चूक सुधारून देण्याच्या आवाजात बोलले. धाकटीनं हातातला मग टाकीत बुडवून भरला. मग तिनं पाणी ओतायला पुन्हा सुरुवात केली आणि त्या आवाजात त्यांना उत्तर द्यावं लागलं नाही.

सकाळी निम्मे मासे मेले होते. बाबांनी ते चहाच्या गाळणीनं काढू दिले नाहीत. आईनं नवी गाळणी आणली, त्यात ते मावले. नळाचं पाणी बिघडलं असेल, असं बाबा म्हणाले. मग म्हणाले, कुपीतलं औषध जुनं झालं असेल. धाकटीनं प्रयोगशाळेतून ताजं औषध आणून भरलं आणि सोबत पाण्याचा सामू, म्हणजे आम्लता, मोजायचं छोटं मीटरही आणलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं चावी मासे गुदमरले तेव्हाच्या जागी आणली, वायू मुरू दिला आणि जरा वेळानं मीटरची दांडी पाण्यात बुडवली. आकडा इतका खाली होता की पाण्याच्या कठीणतेबरोबर हिशेब मांडल्यावर वायू हवा त्याच्या कितीतरी पट निघत होता.

बाबांनी मीटर हातात घेतलं. “हे तपासलंय कधी?”

“कालच, प्रयोगशाळेत.”

त्यांनी मान हलवली. प्रश्न योग्य होता, उत्तरही योग्य होतं. ते कुपीकडे पाहत राहिले. ताज्या औषधाची कुपी तोवर पिवळी झाली होती.

“मग ही गवती कशी?” त्यांनी विचारलं. त्यांना खरंच कळत नव्हतं.

धाकटी चावी बंद करून स्वयंपाकघरात गेली आणि ओट्याला टेकून उभी राहिली. आई भाजी निवडत होती. डॉक्टरांनी त्या दिवशी डोळ्यांचं का विचारलं असेल? पाठीच्या माणसाला कुणी रंगांचं का विचारेल? हा प्रश्न तिनं तेव्हा स्वतःला विचारलाच नव्हता. आता विचारला, आणि गोळ्यांच्या डब्याकडे तिचं लक्ष गेलं. सकाळच्या गोळ्या बाबांनी केव्हाच घेतल्या होत्या.

बाबांकडे छटांच्या पट्ट्यांची एक जाडजूड जुडी होती. पंख्यासारखी उघडायची, एका टोकाला स्क्रू. पिवळ्यापासून सुरू होऊन हिरव्या, निळ्या, जांभळ्या, लाल अशा फिरत पुन्हा पिवळ्यापाशी यायची, आणि शेवटी तपकिरी आणि राखी. डोळे मिटूनही त्यांना हवी ती पट्टी काढता येई, इतकी ती बोटांत बसली होती. धाकटीनं दुसऱ्या खोलीत जाऊन स्क्रू काढला. पट्ट्या पत्त्यांसारख्या पिसल्या.

“बाबा, माझ्या हातून स्क्रू निघाला. जरा लावून देता?”

ते खूश झाले. कितीतरी दिवसांत त्यांना कुणी काम सांगितलं नव्हतं. पलंग खिडकीपाशी होता, उजेड सकाळचा होता. त्यांनी मांडीवर फळी घेतली आणि पट्ट्या लावायला सुरुवात केली. पहिल्यांदा हात चटचट चालला. निळ्या निघाल्या, जांभळ्या निघाल्या. मग हात मंदावला. एक शेवाळी पट्टी त्यांनी उचलली, दोन-तीन ठिकाणी धरून पाहिली आणि तपकिरी पट्ट्यांच्या मध्ये ठेवली. एका पोपटी पट्टीशेजारी नारिंगी ठेवली. जरा मागे सरून पाहिलं, समाधान झालं नाही, दोघींची फक्त जागा बदलली.

आई चहा घेऊन आली. फळीकडे पाहून तिचं तोंड उघडलं. धाकटीनं मानेनं नको म्हटलं. आई चहा हातात धरून तशीच उभी राहिली.

प्रत्येक पट्टीच्या मागे क्रमांक होता. बाबांना तो कधी पाहावा लागत नसे. आता त्यांनी एक पट्टी उलटली, क्रमांक पाहिला, पुन्हा सुलटी केली आणि बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिले. शेजारची उलटली. त्याच्या शेजारची उलटली. मग त्यांनी सगळ्या पट्ट्या गोळा करून त्यांच्या कडा एकसारख्या केल्या.

“स्क्रू निघाला नव्हता,” ते म्हणाले. “तू काढलास.”

“हो.”

“मला वाटत होतं, या खोलीत उजेड कमी आहे.”

आई म्हणाली, “अहो, पण तुम्ही रोज पेपर वाचता की.”

“पेपर काळा-पांढरा असतो,” बाबा म्हणाले.

चहा त्यांनी घेतला नाही, म्हणून आईनं तो टाकीच्या झाकणावर ठेवला, आणि तिथे कुणी काही ठेवायचं नाही हा नियम त्या दिवशी कुणाला आठवला नाही.

डोळ्यांच्या डॉक्टर बाई वयानं ताईएवढ्या असतील. त्यांनी बाबांना दिव्याकडे पाहायला लावलं, अक्षरं वाचायला लावली, आणि मग एक पुस्तक पुढे केलं. प्रत्येक पानावर रंगीत ठिपक्यांचं एक वर्तुळ, ठिपक्यांत लपलेला एक आकडा. धाकटी बाबांच्या मागे स्टुलावर बसली होती. तिला त्यांच्या खांद्यावरून पान दिसत होतं.

पहिल्या पानावरचा आकडा बाबांनी लगेच वाचला. आवाजात जरा उमेद आली. तो आकडा सगळ्यांनाच दिसतो, कसलाही दोष असला तरी दिसतो, हे धाकटीला माहीत होतं.

दुसऱ्या पानावर ते थांबले. “ठिपके आहेत,” म्हणाले.

बाईंनी पान उलटलं.

“ठिपके.”

आकडा धाकटीला इतका स्वच्छ दिसत होता की तो न दिसणं म्हणजे काय, याची तिला कल्पना करता येईना. परीक्षेत शेजारचा अडला की पुटपुटून सांगावंसं वाटतं, तसं तिच्या ओठांशी येत होतं. सांगून काय होणार होतं? पुढचं पान. पुढचं. बाबा आता फक्त मान हलवत होते, आणि प्रत्येक पानाला आधी पुरेसा वेळ देत होते. पुस्तक संपेपर्यंत त्यांनी ते तसंच, घाई न करता पाहिलं.

बाईंनी समजावून सांगितलं. क्षयाच्या गोळ्यांतली एक, एथॅम्ब्युटॉल नावाची, कुणाकुणाच्या डोळ्यांच्या नसेला बाधते. फार जणांना नाही. सुरुवात बऱ्याचदा रंगांपासून होते. ती गोळी आजपासून बंद. त्यांनी क्षयाच्या डॉक्टरांना तिथूनच फोन लावला. बाकीच्या गोळ्या मात्र चालू ठेवाव्या लागतील, मणक्याचं दुखणं अर्ध्यावर सोडता येत नाही, पाय जातील.

“रंग परत येतील ना?” धाकटीनं विचारलं.

काहींचे येतात, बाई म्हणाल्या. काहींचे थोडे येतात. महिने लागतात. याच्यावर औषध नाही, वाट पाहायची. मग त्यांनी विचारलं की आधी काही जाणवलं नाही का; दर महिन्याला विचारलं असेल ना कुणी?

“विचारलं होतं,” आई म्हणाली. “मी हसले हो.”

बाईंना ते कळलं नाही. त्यांनी आईकडे पाहून नुसती मान डोलावली. निघताना आईनं दारातून परत फिरून विचारलं, गाजरं दिली तर? द्या, बाई म्हणाल्या, त्यानं तोटा काही नाही.

गाजरं सुरू झाली. कच्ची, उकडलेली, किसलेली. बाबा निमूटपणे खात. आधी आई रोज सकाळी त्यांच्यापुढे काहीतरी धरी, ओढणी, बशी, टोमॅटो, आणि विचारी, हे कसं दिसतं? बाबा तिला वाईट वाटू नये म्हणून ओळखल्यासारखं करत. टोमॅटोला लाल म्हणायला डोळे लागत नाहीत. हे लक्षात आल्यावर तिनं विचारणं बंद केलं. एकदा शेजारची बाई रीळ जुळवायला आली तेव्हा आईनं तिला दारातच थांबवलं आणि सांगितलं की ते झोपलेत. बाबा आत पलंगावर बसून ऐकत होते. “दे ना पाठवून तिला,” ते नंतर म्हणाले. “एक ना एक दोरा जुळलाच असता.” आणि स्वतःच हसले. दोघी हसल्या नाहीत.

पाठ मात्र छान भरून आली. पुढच्या खेपेला क्षयाच्या डॉक्टरांनी फोटो उजेडात धरून दाखवला, हाड कसं भरलंय ते समजावलं आणि पट्टा काढायला सांगितलं. एवढ्या लवकर निघेल असं त्यांनाही वाटलं नव्हतं. बाबांनी पट्ट्याचे बंद स्वतःच सोडले. डॉक्टर त्यांच्या तोंडाकडे पाहत होते. बाकी सगळ्या रुग्णांची तोंडं या वेळी कशी होतात ते त्यांना माहीत होतं. बाबा आभार मानून उठले.

घरी येऊन त्यांनी कारखान्याच्या मालकांना फोन लावला. फोन लावण्याआधी शर्ट बदलला. पट्टा निघाल्याचं सांगितलं, आणि पलीकडचा आनंद ओसरायच्या आत दुसरंही सांगून टाकलं, सरळ, काही न लपवता. धाकटी आणि आई दारात उभ्या होत्या. मग मालक बोलायला लागले आणि बाबा ऐकत राहिले. मध्ये ते “हो का” म्हणाले. मध्ये “चांगलं केलंत” म्हणाले. फोन ठेवल्यावर त्यांनी सांगितलं की कारखान्यात आता रंग वाचायचं यंत्र आणलंय. कापड त्याच्याखाली धरलं की पडद्यावर आकडे येतात, सावली नको, खिडकी नको. मालक आजवर सांगायला संकोचत होते. मुलांना चालवायला जमतंय.

“मग तुम्हाला काय म्हणाले?” आईनं विचारलं.

“या म्हणाले.”

“कशाला?”

बाबांनी जरा विचार केला. “बसायला,” ते म्हणाले.

आई आत गेली. भांड्यांचा आवाज यायला लागला, धुतलेलीच भांडी ती पुन्हा लावत असावी.

टाकीत उरलेले मासे होते. झाडं छाटली नसल्यानं पाण्यावर येऊन पसरली होती, त्यांच्या सावलीत लाल झाड दिसेनासं झालं होतं. कुपी निळी होती. त्या सकाळपासून धाकटीनं चावी उघडलेलीच नव्हती. आता टाकीसमोर बसून ती बाबांना म्हणाली की थोडा गॅस सोडायला हवा, नाहीतर खालची पानं कुजतील.

“सोडू का? कितपत?”

“तू बघ,” बाबा म्हणाले.

तिनं चावी उघडली. बुडबुडे यायला लागले, चकतीतून धुकं वर गेलं. कुपीला रंग बदलायला वेळ लागतो. तेवढ्या वेळात तिनं वरची पानं कात्रीनं छाटून बादलीत टाकली. मग खाली बसून पाहिलं. कुपी निळ्यातून निघाली होती. अजून जरा वेळानं पाहिलं तेव्हा ती हिरवी होती.

गवती असेल तर चावी आहे तिथेच ठेवायची होती. पोपटी असेल तर मागे घ्यायची होती. तिनं मान डावीकडे केली, उजवीकडे केली. उठून खिडकीचा पडदा सारला आणि पुन्हा येऊन बसली. मघाशी गवती वाटली होती. पडदा सारल्यावर पोपटी वाटली. मीटर तिनं केव्हाच प्रयोगशाळेत परत नेऊन ठेवलं होतं. मासे अजून खालीच, झाडांमध्ये फिरत होते. तिची बोटं चावीवर होती.

मागे पलंग वाजला. बाबा उठून आले आणि तिच्या मागे उभे राहिले. मग कितीतरी महिन्यांनी, पट्ट्याशिवाय, ते सावकाश वाकले आणि तिच्या खांद्यावरून कुपीकडे पाहायला लागले. त्यांचा श्वास तिला कानाजवळ ऐकू येत होता.

“कुठला आहे?” त्यांनी विचारलं.

तिला सांगता येईना.